जन्म एक जून, नावं दोन

तुमच्यापैकी किती जणांचा वाढदिवस एक जूनला येतो? लाजू नका, करा हात वर! हा अंक वाचणाऱ्या दर दुसऱ्या घरात एक तरी हात वर झाला असणार, पैजेवर सांगते. आई म्हणायची, "बाजरी काढणीला आली होती तेव्हाचा हा." मास्तर म्हणायचे, "बरं बरं," आणि दाखल्यावर एक जून ठोकून द्यायचे. शाळा सुरू होताना वय बरोबर बसायचं, कटकट मिटली! असे एक जूनवाले माझ्या टाईपरायटरखालून किती गेले, याला गणतीच नाही. त्यातल्याच एका एक जूनवालीनं मला अशी काही पळवली, की आज साठी उलटली तरी आठवलं की अंगावर काटा येतो आणि हसूही येतं.

संगमनेरला बस स्टँडमागच्या गल्लीत माझी टायपिंग इन्स्टिट्यूट होती. नऊ मशिनं, त्यातली तीन मराठी. सकाळी परीक्षेला बसणाऱ्या मुलामुलींच्या बॅचेस आणि दुपारी दारावर पाटी, 'बायोडाटा काढून मिळेल.' काढून! लोक सातबारा काढतात तसा बायोडाटा काढायचे. जणू तो कुठंतरी कपाटात आधीपासून तयार पडलेला आहे आणि बाईंनी फक्त हात घालून बाहेर ओढायचा.

नव्वदच्या दशकातली ती वर्षं. कॉम्प्युटर गावात यायचा होता. एक बायोडाटा म्हणजे एक कोरा कागद, त्याखाली कार्बन, पुन्हा कागद, पुन्हा कार्बन, अशा सहा प्रती. शेवटची प्रत इतकी पुसट, की ती उमेदवारानं स्वतःकडे ठेवायची. वर मधोमध 'स्वपरिचय'. त्याला अक्षरं मोजावी लागायची आणि निम्मी घरं मागं यावं लागायचं, तेव्हा तो बरोबर मध्ये बसायचा. चूक झाली तर ब्लेडच्या पात्यानं हलकेच खरडायचं. कागदाला भोक न पाडता खरडणं ही कला आहे हो, हसू नका!

पण खरी कला टाईप करण्यात नव्हतीच. खरी कला होती काय लिहायचं आणि काय नाही, यात. माणसं आपलं सगळं आयुष्य पिशवीतून आणून टेबलावर ओतायची. नेवाशाकडचा एक पैलवान आला. छंद विचारला तर म्हणाला, "तमाशा बघणं." म्हटलं, "'लोककलांची आवड' लिहू?" तर बिथरला. "लोककला बिककला न्हाई बाई, आपल्याला तमाशाच आवडतो." दुसऱ्या एकाचा हट्ट, की 'व्यसन नाही' असं लिहा आणि कंसात 'तंबाखू सोडून'. मी खवळायचे. "अरे, साहेब तुला नोकरी देणार आहे की मुलगी?" माझा एक नियम होता आणि मी तो तोऱ्यात सांगायचे. साहेबाला ज्याचं काम नाही, ते कागदावर नाही. त्या नियमाचा मला फार गर्व होता. तो कसा उतरला, तेच सांगायला बसलेय.

श्रावणातली गोष्ट. राजूरकडच्या एका खेड्यातून एक गृहस्थ आले. धोतर, टोपी, काखेत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले दाखले. नाव बाबुराव सातपुते. दाखले लेकीचे, शकुंतला बाबुराव सातपुते, बी. एस्सी. केमिस्ट्री, फर्स्ट क्लास. डोंगरातल्या गावची मुलगी, फर्स्ट क्लास! मी दाखला खिडकीतल्या उजेडात धरून दोनदा वाचला.

"मामा, मुलगी कुठंय? सही लागेल."

"घरी हाय. पंचमीला आलीया ना. सहीचं मी बघतो, तुमी निस्तं काडून द्या. चार ठिकानी लावून देतो."

"बरं, 'प्रति'पुढची जागा कोरी सोडते. पत्ता तुम्ही हातानं घाला."

बाहेर राजूरची एस. टी. लागलेली, मामांचं एक पाऊल उंबऱ्याबाहेर. मी चार नंबरच्या मशिनवर बसले. या मशिनचा 'र' जरा वर उडायचा, पण हात त्यावर बसलेला. जन्मतारीख एक जून, म्हटलं आलीच! वैवाहिक स्थिती या रकान्याशी आले. नाव माहेरचं, कागद आणणारा बाप, मग विचारायचं काय? टाईप केलं, 'अविवाहित'. सहा प्रती, घंटी, कागद बाहेर, मामा बाहेर, एस. टी. बाहेर.

वाचणाऱ्या बायाबापड्यांनो, तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही.

आठ-दहा दिवसांनी एक बाई आल्या. नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू, हातात वर्तमानपत्राचं कात्रण आणि वहीचा फाडलेला कागद. गावाजवळच्याच एका वाडीवर राहायच्या. पंचक्रोशीतल्या एका दूध संस्थेत प्रयोगशाळा सहायक पाहिजे, अशी जाहिरात होती. कागदावर सुनेनं स्वतःची माहिती लिहून दिलेली, मनीषा दिलीप जाधव, बी. एस्सी. एक मुलगा, जन्म एक जून.

मी टाईप करायला घेतलं, तर मावशी टेबलावर वाकल्या.

"बाई, लिवा की, सून लई गुनाची हाय."

"मावशी, हा लग्नाचा नाही, नोकरीचा आहे."

"म्हनून काय झालं? मानूस कसं हाय त्ये नगं का कळाया? रंगानं निमगोरी हाय. लिवा."

"रंगाचं साहेबाला काय काम?"

"बरं ऱ्हाऊ द्या. दोन गायांची धार ती एकटी काडती. दोन्ही वक्ताला! येवडं तरी लिवा."

"मावशी!" मी हसले. आता लाज वाटते, पण हसले. "बी. एस्सी. झालेल्या मुलीच्या बायोडाटात गाईची धार? साहेब काय म्हणतील?"

 मावशींचा चेहरा उतरला. मी माझा नियम सांगितला, छानपैकी मधोमध 'स्वपरिचय' लिहिला आणि त्यांना वाटेला लावलं. मशिन पुन्हा चार नंबरचंच.

पुढं दोन महिन्यांनी, एका सकाळी सव्वानऊला, मी मशिनं पुसत होते. दारात एक तिशीच्या आतली बाई. इस्त्रीची साडी, गळ्यात मंगळसूत्र, चेहरा पांढराफटक.

"तुमच्याकडच्या एखाद्या मशिनचा 'र' उडतो का हो?"

मी चाटच पडले. "उडतो. तुम्हाला कसं कळलं?"

तिनं टेबलावर दोन पुसट प्रती ठेवल्या, आणि त्यांच्यावर दोन मुलाखतीची पत्रं. एक शकुंतला बाबुराव सातपुते यांना, वेळ अकरा. एक मनीषा दिलीप जाधव यांना, वेळ साडेअकरा. तीच दूध संस्था, तीच जागा, तोच दिवस. म्हणजे आज.

"बाई," ती म्हणाली, "या दोन्ही मीच."

देवाशप्पथ, माझ्या हातातलं फडकं खाली पडलं! तेव्हा कुठं डोक्यात घंटी वाजली. पंचमीला *आलीया*! अहो, पंचमीला घरी येते ती सासरहूनच ना! शेंबड्या पोराला कळेल ते मला कळू नये? आणि लग्नात तांदळात नाव लिहून सुनेचं नाव बदलतात, हे मला माहीत नव्हतं? मी स्वतः माहेरची कुमुद आणि सासरची वैशाली! दोन नावांची बाई दोन नावांच्या बाईचे दोन बायोडाटा काढते आणि तिला पत्ता नाही.

शकुंतला भराभर सांगत गेली. चार वर्षांपूर्वी लग्नात विहिणीला नेसवलेलं लुगडं हलकं निघालं, तेव्हापासून तिचे वडील आणि सासूबाई एकमेकांशी बोलत नव्हते. नोकरी लागावी हा ध्यास दोघांनाही, पण दोघांनी एकमेकांच्या चोरून. वडिलांनी आणलेल्या प्रतींवर तिनं पंचमीच्या धांदलीत नुसते खालचे कोपरे उचलून सह्या केल्या होत्या. तिला वाटलं, शाळांत पाठवतील. त्यांनी जाहिरात वाचून एक प्रत इथंच लावली. काल गावच्या माणसाबरोबर त्यांनी ते पत्र, प्रत आणि चिठ्ठी पाठवली, की दाखले घेऊन थेट गेटवर येतो.

"मनीषा म्हणून गेले, तर त्या नावाचा एकही दाखला नाही. शकुंतला म्हणून गेले, तर तुम्ही मला अविवाहित केलंय. आणि सासूबाई माझ्या लेकराला कडेवर घेऊन येतायत! साहेब म्हणतील, ही बाई लबाड आहे. दोन्ही अर्ज टोपलीत." तिनं दोन्ही पत्रं माझ्यापुढं सरकवली. "चार वर्षं मी या एका जाहिरातीची वाट बघितली. संगमनेरला केमिस्ट्रीवालीला घरून जाऊन-येऊन करता येईल अशी नोकरी पुन्हा कधी निघायची? सांगा, मी कोण म्हणून जाऊ?"

मी उठले. नवा कागद मशिनमध्ये सारला. या वेळी पाच नंबरवर!

"खरं ते सगळं लिहायचं. वरचं नाव दाखल्यावरचं. त्याच्याखाली लग्नानंतरचं. विवाहित. एक मुलगा."

"वर शकुंतला?" ती घुटमळली. "सासूबाईंना काय वाटेल?"

"त्यांना वाचता येतं?"

"नाही. पण शिपाई नाव मोठ्यानं पुकारतो ना."

 मी टाईप करत राहिले. शेवटी वेगळ्या कागदावर लिहिलं, 'आधीच्या अर्जातील अविवाहित हा शब्द टंकलेखिकेच्या चुकीने पडला आहे, उमेदवाराचा त्यात दोष नाही,' आणि खाली माझी सही ठोकली. इन्स्टिट्यूटची अब्रू गेली तर गेली म्हटलं. सकाळच्या बॅचच्या पोरींना ओरडून सांगितलं, "कुलूप लावा गं!" आणि लुना काढली. शकुंतलेला मागं बसवलं. तुम्ही ती लुना बघायला हवी होती! एकटीला चढावर पायडल मारायला लावायची, आज दोघींना घेऊन नाशिक रस्त्यानं सुटली. मी मागं ओरडत होते, "कागद घट्ट धर!" आणि ती पुढं ओरडत होती, "बाई, समोर बघा, ऊस!" उसाच्या ट्रकला बगल देऊन पाच कमी अकराला गेटवर.

आणि गेटवर काय? या खांबाला मामा, दाखल्यांची पिशवी छातीशी धरून. त्या खांबाला मावशी, नातू कडेवर. दोघांची तोंडं दोन दिशांना.

"ह्यो मानूस हितं कशाला आलाय?" मावशी पदराआडून मला म्हणाल्या.

"ह्या बाईचं हितं काय काम?" मामा दुसऱ्या कानाशी.

मी काय सांगू, कपाळ? आत वऱ्हांड्यातल्या बाकावर सगळे टेकलो, शिपायाकडे नवा कागद दिला, तर म्हणतो, "आता नवीन अर्ज चालत न्हाई." शकुंतलेनं तो हातातच धरला. इतक्यात दार उघडलं आणि शिपाई वऱ्हांड्यात येऊन खणखणीत आवाजात म्हणाला, "शकुंतला बाबुराव सातपुते!"

मामांची छाती फुगली. शकुंतला उठली आणि मावशींचं तोंड उघडंच राहिलं. "अगं, तू कुटं निगालीस? तुजं नाव घेतलं का त्यांनी?"

पण शिपायाचं संपलं नव्हतं. "आणि मनीषा दिलीप जाधव! सायबांनी दोगींनाबी एकदमच बोलावलंय!"

वऱ्हांड्यात बारा-पंधरा उमेदवार होते. सगळे दुसरीला शोधायला लागले. उठली मात्र एकच. ती आत गेली, तिच्यामागं मी घुसले, आणि माझ्यामागं दार कुणी लावलंच नाही.

साहेब चष्मेवाले, शांत. समोर दोन अर्ज शेजारी-शेजारी.

"दुसऱ्या कुठंयत?"

"मीच, साहेब." तिनं नवा कागद पुढं केला.  "दोन्ही मीच आहे. एक अर्ज वडिलांनी लावला, एक सासूबाईंनी. मला कालच कळलं."

"आणि चूक माझी आहे, साहेब," माझ्या सहीचा कागद पुढं सरकवत मी घाईनं म्हटलं. "अविवाहित मी लिहिलं. न विचारता."

साहेबांनी चारही कागद वाचले. किती वेळ वाचले! मग चष्मा काढला आणि हसू आवरेना त्यांना. "अहो, दोघींची जन्मतारीख एक. ते राहू द्या, आमच्या निम्म्या कर्मचाऱ्यांची एक जूनच आहे, माझीसुद्धा. पण दोघींना केमिस्ट्रीत मार्क तेवढेच, दोघींच्या अर्जात 'र' उडालेला! मी म्हटलं, जुळ्या बहिणी असणार. एकीचं लग्न झालं, एकीचं राहिलं. म्हणून एकदमच बोलावलं, म्हटलं बघू तरी!"

शकुंतला हसली नाही. तिला हसणं परवडणारं नव्हतं. मग साहेबांनी कामाचं विचारायला सुरुवात केली. फॅट कसं काढतात, दुधात पीठ मिसळलं तर कसं ओळखायचं, आणि ती सुटली की! आयोडीनचा थेंब, निळा रंग, सगळं घडाघडा. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण साहेबांची मान डुलत होती.

"पुस्तकातलं पक्कं आहे," साहेब म्हणाले. "पण दुधाशी प्रत्यक्ष संबंध? तुमच्या एकाही अर्जात तसं काही दिसत नाही."

आणि दारातून आवाज आला. "दोन गायांची धार ती एकटी काडती, सायेब! दोन्ही वक्ताला! म्या सांगत हुते, ह्या बाईनं लिवलं न्हाई!"

मावशी! नातवासकट दारात उभ्या, बोट माझ्याकडे. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. साहेब मात्र पुढं सरसावले. "असं? मग सकाळच्या आणि संध्याकाळच्या दुधात फॅट जास्त कुठल्या?"

"संध्याकाळच्या," शकुंतला फटकन म्हणाली. "आणि धारेच्या शेवटच्या दुधात सगळ्यात जास्त. सुरुवातीचं पातळ असतं. नमुना घेताना आधी दूध ढवळलं नाही, तर शेतकऱ्याचं नुकसान होतं."

साहेबांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बाई, हे लिहायचं असतं," एवढंच म्हणाले. माझा नियम त्या दिवशी त्या टेबलावर मेला.

"शेवटचं. नेमणूक झालीच तर कागद कोणत्या नावानं काढू? दोन नावांनी काढता येत नाही. तुम्ही सांगा."

 दारात मावशी, त्यांच्या मागं मामा, पहिल्यांदाच शेजारी-शेजारी. शकुंतलेनं आधी सासूबाईंकडे बघितलं, मग वडिलांकडे. एक नाव घेतलं तर दुसऱ्याला लागणार होतं. मला वाटलं, आता या मावशी बोलणार आणि सगळं मुसळ केरात जाणार.

मावशी बोलल्या. पण साहेबांशी नाही, सुनेशी.

"इस्कुलात कंचं नाव हुतं तुजं?"

"शकुंतला."

"मग त्येच सांग की. शिकली ती शकुंतला. मनीषा आमी तांदळात लिवली, तिनं कुटं परीक्षा दिली?" नातवाला त्यांनी दुसऱ्या कडेवर घेतलं. "माजं नाव सोना हुतं. चाळीस वर्सं झाली, कुनी हाक मारली न्हाई. तुजं तरी ऱ्हाऊ दे."

मामांनी टोपी काढली, डोळे पुसले आणि चार वर्षांनी पहिल्यांदा विहिणीशी बोलले. काय म्हणाले ठाऊक आहे? "द्या, पोराला माज्याकडं द्या, दमला असाल."

बाहेर येऊन मी मावशींचे हात धरले. "चुकलं माझं," म्हटलं. त्या म्हणाल्या, "आता तरी लिवत जावा." नेमणुकीचं पत्र पंधरा दिवसांत आलं, शकुंतला बाबुराव सातपुते याच नावानं. ती तिथं पुढं बरीच वर्षं होती. आणि मी त्या दिवसापासून प्रत्येक उमेदवाराला आधी विचारायचे, "घरी काय काय करता?" पैलवानाचा तमाशाही लिहिला असता, पण तो पुन्हा आलाच नाही.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी मावशी एकट्याच आल्या. खुर्चीवर न बसता उभ्या राहिल्या.

"बाई, माजाबी एक काडा."

"काय?"

"त्येच. बायोडाटा."

"मावशी, नोकरी करायची आता?"

"न्हाई वो. निस्ता काडा. घरी ठिवायला."

मी कागद सारला. मधोमध 'स्वपरिचय'.

"नाव?"

"सोना." जरा थांबून, "सोना तुकाराम." बापाचं नाव. एवढं बोलून त्या गालातल्या गालात हसल्या, चोरून काही खाल्ल्यासारख्या.

"जन्मतारीख?"

"त्ये कुनाला ठावं! आई म्हनायची, हुरडा चालू हुता."

हुरडा म्हणजे भर थंडीचे दिवस. तरी आम्ही दोघी एकमेकींकडे बघून एकदमच म्हणालो, "एक जून!"

शिक्षणात काही नव्हतं. अनुभवात मी त्यांनी सांगितलं ते सगळं लिहिलं. धार, पेरणी, सात बाळंतपणं केलेली, इतरांची. एक शब्द गाळला नाही. वैवाहिक स्थितीशी आले तर म्हणाल्या, "त्ये नगं. त्ये समद्यांना ठाव हाय."

खाली सहीची जागा. मी शाईचं पॅड पुढं केलं. त्यांनी अंगठा नीट दाबला, कागदावर टेकवला, उचलून उजेडात निरखून बघितला.

"नाव बदललं, गाव बदललं," सोनाबाई म्हणाल्या, "आंगठा मातर म्हायेरचाच हाय."